शून्याचीही पट्टी द्या

गेल्या हिवाळ्यात शहाद्याला एका पुस्तकाच्या कार्यक्रमात एक प्रकाशक बोलले. नाव देत नाही; वाक्य त्यांच्या एकट्याचे असते तर दिले असते. ते म्हणाले, "मराठीत पुस्तक विकलेच जात नाही, तर रॉयल्टी कुठून द्यायची? लेखकांनी आधी वाचक आणावेत, टक्क्यांचे नंतर बोलू." टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत निम्मे लेखकच होते. मीही वाजवल्या असाव्यात, हाताला सवय आहे. चहा झाला, मोटारसायकल काढली, म्हसावदच्या वाटेला लागलो आणि दोन्ही बाजूंनी पपईच्या बागा सुरू झाल्या तेव्हा उत्तर सुचले. सभेत न सुचलेले उत्तर घरी बसून लिहावे लागते, ते हे.

म्हसावद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे, शहाद्याहून तोरणमाळला जाताना लागणारे गाव. केळी, पपई, ऊस, मिरची हा इथला व्यवहार. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही इथे एक गोष्ट पक्की जाणतो: माल दिला की पट्टी मागायची. पट्टीवर वजन असते, कटती असते, भाव असतो, हमाली-तोलाई असते आणि तळाला हातात पडणारा आकडा. तो बघून पेढे वाटायचे की शिव्या द्यायच्या, हे पुढचे. नंदुरबारला ओली लाल मिरची नेली तर ती वाळायला पथारीवर पडण्याआधी तिची पट्टी झालेली असते. दूध डेअरीवर तर दिवसातून दोनदा चिठ्ठी: लिटर, फॅट, दर. एका म्हशीवर संसार करणाऱ्या म्हातारीलाही ती मिळते. तिला वाचता येत नाही म्हणून डेअरीवाला लिहायचे टाळत नाही.

उसाचे तर सरकारनेच लिहून ठेवले आहे. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो: ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. सगळे कारखाने हे पाळतात असे कोणी म्हणाले तर पारावर हसू होईल. पण थकले तर किती थकले, किती दिवसांचे थकले, हे शेतकरी बोटावर सांगतो, कारण काट्याची पावती त्याच्या खिशात आहे. भांडायलाही कागद लागतो.

२०२३च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. भाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याला आला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. देशभर संताप झाला, व्हायलाच हवा होता. पण तो संताप उभा कशावर राहिला? पट्टीवर. वजन किती, भाव किती, वजावट किती, सगळे त्या चिठोऱ्यावर होते म्हणून ते वर्तमानपत्रात छापता आले, विधिमंडळापर्यंत नेता आले. त्याच्या जागी मराठी कवी असता तर त्याला सांगितले असते, "कांदा विकलाच जात नाही हो आजकाल." आणि कवीने मान डोलावली असती.

म्हणून शहाद्याच्या त्या वाक्याला माझे उत्तर असे: विकले गेले नसेल तर पैसे देऊ नका. पण विकले गेले नाही हे लिहून द्या. एक हजार छापल्या, चाळीस गेल्या, नऊशे साठ पडून आहेत, असा कागद दर वर्षी येऊ द्या. एकही गेली नसेल तर शून्य लिहा. रॉयल्टी खपावर अवलंबून आहे, कबूल. हिशेब खपावर अवलंबून नाही. प्रकाशकमहाशय पहिल्याच्या आडोशाने दुसरा टाळत होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

माझे स्वतःचे सांगतो. पायथ्याच्या माणसांवरचे माझे एक लेखांचे पुस्तक निघाले त्याला नऊ वर्षे झाली. करार म्हणजे अर्ध्या पानाचे पत्र: दहा टक्के मानधन, विक्रीनुसार. दुसऱ्या वर्षी एक धनादेश आला, सोबत दुसरा कागद नाही. घरात जिलेबी आली. शेजारचे आबा बघायला आले, धनादेश उलटासुलटा करून म्हणाले, "भाऊ, चेक ठीक आहे. पट्टी कुठे?" मी हसलो. आबांना साहित्य व्यवहार काय कळणार, असे ते हसणे होते. त्यानंतर काही आले नाही. फोन केला की "मार्च एंडिंग होऊ द्या", मग "दिवाळीची गडबड आहे", मग "तुमचे पुस्तक पडूनच आहे हो". पुढे धुळ्याच्या एका ग्रंथप्रदर्शनात माझेच पुस्तक मला भेटले. उघडले तर आत छापलेले: दुसरी आवृत्ती. पडून असलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती! वीस टक्के सवलतीत मी ते विकत घेतले. त्या प्रतीवरची रॉयल्टी मला अजून यायची आहे.

मी कुणाला चोर म्हणत नाही. तसे म्हणायलाही कागद लागतो.

त्या भाषणात आणखी एक विधान होते: दहा टक्के तर जगभर देतात, मराठी लेखकाला वेगळे काय हवे? टक्क्याबद्दल माझी तक्रारच नाही. १९६१च्या आयकर कायद्यातल्या ८०क्यूक्यूबी कलमाने लेखकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट दिली, तीही विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतची रॉयल्टी धरून. (शालेय पाठ्यपुस्तके आणि गाइडे त्यातून वगळलेली.) म्हणजे दहा-पंधराचा पट्टा दिल्लीलाही ठाऊक होता. विचारायचे ते एवढेच की दहा टक्के कशाचे? पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरा. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे ३०. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की प्रकाशकाच्या हाती १८० येतात. करारात 'प्राप्त रकमेवर' असे दोन शब्द असले की लेखकाचे झाले १८. प्रतीमागे १२ रुपये गेले, ५०० प्रतींच्या आवृत्तीत ६ हजार. ही कटतीच आहे. फरक इतकाच की आमचा व्यापारी ती तोंडावर सांगतो, क्विंटलमागे इतके किलो, पटत असेल तर माल उतरव. पुढे भेटप्रती, अभिप्रायाच्या प्रती, खराब झालेल्या प्रती. काही करारांत ग्रंथालयांना जास्त सवलतीत गेलेल्या गठ्ठ्यांवर निम्मीच रॉयल्टी. एवढे होऊन, अख्खी आवृत्ती छापील किमतीच्या हिशेबाने धरली तरी लेखकाचे होतात १५ हजार, तेही दोन-चार वर्षांत मिळून. या रकमेने प्रकाशक बुडत नाही, लेखक तरत नाही. मग आकडा दाखवण्यात अडचण कसली?

अडचण मालकीच्या समजुतीची आहे. हस्तलिखित देताना लेखक नेमके काय देतो? शेताच्या भाषेत विचारतो: खरेदीखत करून देतो, की बटाईने देतो? खरेदीखत झाले की सातबारा बदलतो, जुन्या मालकाने बांधावर उभे राहण्याचेही कारण उरत नाही. बटाईत शेत मालकाचेच राहते, कसणारा कसतो आणि वाटा पिकातून पडतो. म्हणून खळ्यावर माप पडते तेव्हा मालक तिथे हजर असतो. त्याला कोणी संशयी म्हणत नाही. रॉयल्टी ही बटाई आहे. हाच प्रश्न मराठीतल्या एका मोठ्या नावावरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांवरून त्यांचे वारस आणि देशमुख आणि कंपनी यांच्यातला वाद, निकाल २००५चा. कळीचा मुद्दा हाच की जुन्या करारांनी कॉपीराइट दिला, की केवळ छापण्याचा परवाना? 'ययाति' १९५९ची, तिला ज्ञानपीठ १९७४चे, खांडेकर गेले १९७६ला. आणि तीस वर्षांनी न्यायालयात करारातले शब्द सोलले जात होते. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची ही गत, तर माझ्या अर्ध्या पानाच्या पत्राचे काय सांगावे.

त्या पत्रातला 'मानधन' हा शब्दही तपासून पाहा. मानधन व्याख्यात्याला देतात, शाल-नारळासोबत पाकिटात घालून. त्यात मान देणाऱ्याचा, रक्कम देणाऱ्याच्या मर्जीची, आणि पाकीट तिथेच उघडणे असभ्य. रॉयल्टीला मराठीत शब्द आहे स्वामित्वधन. स्वामी कोण हे शब्दातच आले. स्वामीने हिशेब विचारणे असभ्य कसे? पण मराठीत मालकीच्या पैशाला मानाचे पाकीट करून टाकले आणि विचारणाऱ्याला पैशाचा लोभी ठरवले. सरस्वतीच्या अंगणात लक्ष्मीचे नाव काढू नये म्हणे. कागदवाला उधारी वसूल करतो, छापखाना, बाइंडर, टेम्पोवाला, मुखपृष्ठाचा चित्रकार, सगळ्यांची बिले असतात. सरस्वतीची सेवा तेवढी एकट्या लेखकाच्या वाट्याला.

आता 'मराठीत पुस्तक विकले जात नाही' याकडे येतो. कुठल्याही तालुक्याच्या ग्रंथप्रदर्शनात जा. 'श्यामची आई' किती प्रकाशकांची दिसते ते मोजा. साने गुरुजी आमच्या खानदेशाचे, अमळनेरला शिकवले त्यांनी. ते गेले ११ जून १९५०ला. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणून २०१० संपले आणि पुस्तक सगळ्यांचे झाले. त्यात गैर काही नाही. गुरुजींना तर आनंदच झाला असता. पण विकलेच जात नाही, तर मग हे इतके लोक ते हौसेने छापतात का? ज्यावर रॉयल्टी द्यावी लागत नाही ते पुस्तक खपते आणि ज्यावर द्यावी लागते ते पडून राहते, हा योगायोग मला पचत नाही.

शेजारच्या छत्तीसगडातले उदाहरण ताजे आहे. रायपूरच्या विनोदकुमार शुक्ल यांच्या रॉयल्टीवरून २०२२च्या मार्चमध्ये हिंदीत गदारोळ झाला. साहित्य अकादमी मिळालेला, देशभर वाचला जाणारा लेखक, आणि वर्षाकाठी हाती येणारी रक्कम काही हजारांची. तेव्हाही ऐकवले गेले की गंभीर साहित्याला गिऱ्हाईक नसते. मग 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही १९९७ची कादंबरी नव्या प्रकाशकाकडे गेली आणि २०२५च्या सप्टेंबरात सहा महिन्यांची रॉयल्टी म्हणून ३० लाखांचा धनादेश त्यांच्या हाती पडला. कादंबरीत एक ओळ बदललेली नव्हती. मधल्या काळात ज्ञानपीठ जाहीर झाले, समाजमाध्यमांवर नाव गाजले, त्याचा वाटा मी नाकारत नाही. पण 'विकले जात नाही' हा निसर्गनियम असल्यासारखा जो सांगितला जातो, तो तसा नाही एवढे तरी कळले. मराठीत कोणाला ३० लाख मिळतील असे मी म्हणत नाही. मला आबांची पट्टी हवी आहे.

प्रकाशकांची बाजू खोटी नाही. कागद रोखीने घ्यायचा, पुस्तक उधारीवर द्यायचे, विक्रेत्याकडून वर्षाने पैसे किंवा पैशांऐवजी परत आलेले मळके गठ्ठे. मराठी पुस्तकाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे १९६७च्या कायद्याखालची सार्वजनिक ग्रंथालये. त्यांचे अनुदान रखडले की ग्रंथालय विक्रेत्याचे थकवते, विक्रेता प्रकाशकाचे. नव्या लेखकावर पैसा लावणारे वेडेही याच धंद्यात झाले. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे नावाच्या पंचविशीतल्या मुलाची 'कोसला' १९६३ला छापली ती, वर खांडेकरांच्या संदर्भात नाव आले त्याच देशमुख आणि कंपनीने. हे ऋण खानदेशाने विसरू नये. पण उधारी थकली असेल तर पट्टीवर 'येणे बाकी' असा रकाना काढता येतो. गठ्ठे परत आले तर 'परत' लिहिता येते. छोट्या प्रकाशकाला हिशेब ठेवणे परवडत नाही, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. शे-दीडशे दूधवाल्यांचा हिशेब दिवसातून दोनदा ठेवणारा आमचा डेअरीवाला बारावी नापास आहे. प्रकाशकाला शंभर लेखकांचा हिशेब वर्षातून एकदा द्यायचा आहे. आणि विक्रेत्याकडून किती येणे आहे हे तो झोपेतही सांगतो.

"कायदा आहे, जा कोर्टात," असेही कोणी म्हणते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १९वे कलम चांगले आहे, प्रत्येक लेखकाने वाचावे. हक्क देणे लेखी हवे, सही हवी, रॉयल्टी किती ते नमूद हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरायची. हे पाच वर्षांचे मला माझे पुस्तक नऊ वर्षांचे झाल्यावर कळले. पण दर लिहा असे कायदा सांगतो, दर वर्षी हिशेब पाठवा असे सांगत नाही. दाद मागायची जागाही हलत राहिली: आधी कॉपीराइट मंडळ, मग अपील मंडळ, २०२१नंतर वाणिज्य न्यायालय. दोन-तीन हजार रुपयांसाठी म्हसावदचा माणूस तिथे जाईल काय? गीतकार-संगीतकारांनी २०१२ला कायदा बदलून घेतला. चित्रपटातल्या गाण्यांच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा लिहून देऊनही जाणार नाही अशी तरतूद झाली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले. पुस्तकवाल्यांसाठी कोणी बोलले नाही, कारण पुस्तकवाल्यांनी कोणाला सांगितलेच नाही.

इथे मला प्रकाशकाला सोडून आपल्याच जातभाईंकडे वळावे लागते. मराठी लेखक बहुतांशी पगारी आहे. प्राध्यापक, शिक्षक, बँकेतला, कचेरीतला. त्याला पुस्तकातून पैसा नको, नाव हवे. पदोन्नतीला, पुरस्काराला, जमले तर संमेलनाच्या निमंत्रणाला. काही जण तर छपाईचा खर्च स्वतः देऊन वर शंभर-दोनशे प्रती विकत घेतात. हिशेब न मागण्याला ते खानदानीपणा समजतात. त्यांच्या या खानदानीपणाने बाजाराचा भाव ठरतो आणि ज्याला पगार नाही त्याने लिहायचे कसे, हा प्रश्न उरतो. हे शहाद्यात तरी कळायला हवे. १९७२ला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी इथल्या आदिवासींच्या जमिनी आणि मजुरीचा प्रश्न उभा केला. त्या चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी आला, 'गोधड'चा कवी. विद्यापीठातून तो आलेला नव्हता. पुढचा तसा लिहिणारा पावरा किंवा भिल्ल मुलगा-मुलगी आज कुठे तरी रोजंदारीवर आहे. सालदाराचेसुद्धा पाडवा-आखाजीच्या सुमाराला साल ठरते: पैसे किती, धान्य किती, उचल किती. लेखकाचे काही ठरत नाही.

पपईचे कसे होते बघा. हंगामात उत्तरेकडचे व्यापारी भाव पाडतात. मग शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसतात, किलोचा दर ठरवतात. बैठक फिसकटली तर तोडणी थांबते. पपई झाडावर पिकून सडायची भीती असताना शेतकरी थांबतात. आपले हस्तलिखित तर सडतही नाही, तरी आपण थांबत नाही. "आधी पुस्तक येऊ द्या, पैशाचे बघू," असे आपणच म्हणतो. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावे साहित्य संमेलन झाले, आमच्या दाराशी. व्यापारी आणि शेतकरी बसतात तसे प्रकाशक आणि लेखक कुठल्या मांडवात बसलेले मला दिसले नाहीत.

माझे मागणे एका पानाचे आहे. दर वर्षी जूनअखेर, प्रत्येक पुस्तकामागे, एवढे रकाने: छापल्या, विकल्या, भेट, परत, शिल्लक, येणे, देणे. खाली सही. आणि ज्यांची पुस्तके यायची आहेत त्यांनी सही करण्याआधी करारात एक ओळ घालून घ्यावी, की दोन वर्षे हिशेब आला नाही तर हक्क आपोआप लेखकाकडे परत. ही ओळ बघून जो प्रकाशक मागे सरेल, त्याच्याबद्दल तुम्हाला वेळेत कळलेले असेल.

माझ्या प्रकाशकांनी हा लेख वाचला तर त्यांना वेगळे पत्र पाठवायला नको. पत्ता बदललेला नाही: मुक्काम पोस्ट म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. आकडा शून्य असला तरी पाठवा. आबा अजून विचारतात.